शाळाभेट, एकाच शाळेला दोनदा

प्रवेशाआधी शाळा पाहायला गेलेल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण. पहिली भेट फसली, काही आठवड्यांनी झालेली दुसरी जमली. हे कुटुंब आणि ही शाळा कुठली एक नाही. शाळाभेटींत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या एका प्रसंगात गुंफल्या आहेत. कुटुंब मुद्दाम असं घेतलं आहे की त्यात उद्धट कुणीच नाही. उद्धट पालकांबद्दल लिहिण्यासारखं फार नसतं. शाळेची घडी जास्त वेळा विस्कटते ती भल्या, उत्सुक आणि घाईतल्या पालकांमुळे.

पहिली भेट

मुलगी सहा वर्षांची, प्रवेश पहिलीत हवा. आईने शाळेत फोन केला: "आम्हाला शाळा बघायची आहे, कधी येऊ?" कार्यालयातून उत्तर आलं: "गुरुवारी दहाला या." बोलणं एवढंच. किती जण येणार, वर्गात जाता येईल का, वेळ किती मिळेल, यातलं काही कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. पुढच्या निम्म्या गोंधळाचं बी या दोन वाक्यांत पडलं.

शाळेच्या समन्वयकांनी ४५ मिनिटं राखून ठेवली होती: १० मिनिटं कार्यालयात, २५ मिनिटं फेरी, १० मिनिटं मुख्याध्यापकांबरोबर. पावणेअकराला त्यांचा स्वतःचा तास होता. कुटुंबाला याचा पत्ता नव्हता.

कुटुंब आलं दहा वाजून वीस मिनिटांनी, आणि आले पाच जण. आई, बाबा, मुलगी, तिचा तीन वर्षांचा भाऊ आणि आजोबा. गाडी फाटकासमोरच लावली, शाळेच्या बस जिथे वळतात तिथे. सुरक्षारक्षकाने नोंदवही पुढे केली तेव्हा बाबांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे 'सहकुटुंब' असं लिहून मोकळे झाले.

उशीर झाला म्हणून समन्वयकांनी कार्यालयातली दहा मिनिटं वगळली आणि थेट फेरीला सुरुवात केली. म्हणजे ज्या दहा मिनिटांत "वर्गात बोलू नका, फोटो काढू नका, मुलांशी बोलायचं तर आधी विचारा" हे सांगायचं होतं, नेमकी तीच गेली.

पहिला थांबा दुसरीचा वर्ग. हातच्याच्या वजाबाकीचा तास चालू होता. शिक्षिकेने फळ्यावर ५२ वजा २७ मांडलं होतं आणि नुकतंच विचारलं होतं, "एककाच्या घरात काय अडचण येतेय?" त्या उत्तराची वाट बघत थांबल्या होत्या. दोन हात अर्धवट वर आले होते. तेवढ्यात दार उघडलं. तीस माना वळल्या, मुलं उभी राहिली, सुरात अभिवादन झालं. पाचही पाहुणे दारातून आत येऊन फळ्याच्या बाजूला उभे राहिले, कारण उभं राहायला मोकळी जागा तिथेच दिसली.

बाबांनी शिक्षिकेला विचारलं, "मॅडम, एवढी तीस मुलं, मग प्रत्येकाकडे लक्ष कसं देता?" प्रश्न वाईट नाही. पण तो तीस मुलांसमोर विचारला गेला, आणि त्याचं खरं उत्तर त्या तीस मुलांबद्दलच असणार. शिक्षिका हसून म्हणाल्या, "देतो ना, वैयक्तिक लक्ष देतो." दुसरं काय म्हणणार? आईने भिंतीवरचे तक्ते छान दिसले म्हणून चार फोटो काढले. धाकटा ठोकळ्यांच्या कोपऱ्याकडे निघाला. आजोबांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला गमतीने विचारलं, "काय रे, बाई रागावतात का?" मुलाने आधी बाईंकडे बघितलं, मग आजोबांकडे. वर्ग हसला. चार मिनिटांनी मंडळी बाहेर पडली. शिक्षिकेने वर्ग शांत केला, प्रश्न पुन्हा वाचला आणि या वेळी उत्तर स्वतःच सांगून टाकलं, कारण तास संपत आला होता.

व्हरांड्यात बाबांनी शुल्काचा विषय काढला. दुसऱ्या एका शाळेत पोहण्याचा तलाव आहे, हे सांगून झालं. विश्वस्तांपैकी एक जण ओळखीचे आहेत, हेही ओघात सांगितलं गेलं. तोवर मोकळेपणी बोलणाऱ्या समन्वयकांनी तिथून पुढे माहितीपत्रकातली वाक्यं बोलायला सुरुवात केली.

मुख्याध्यापकांनी मुलीला विचारलं, "तुला काय करायला आवडतं?" सेकंदभरात बाबा म्हणाले, "चित्रं फार छान काढते. सांग ना सरांना." आईने सारवासारव केली, "नवीन माणसांत जरा लाजते ती." मुलगी बुटांकडे बघत राहिली. मग तिला कविता म्हणून दाखवायला सांगण्यात आलं. ती आईच्या मागे गेली.

दहा पन्नासला भेट संपली. समन्वयकांच्या वर्गावर तोवर दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं लागलं होतं. रात्री अकरा वाजता त्यांच्या खासगी क्रमांकावर आठ प्रश्नांचा संदेश आला.

घरी काढलेला निष्कर्ष

घरी गेल्यावर कुटुंबाचं मत असं झालं: वर्ग गोंगाटाचा आहे, शिक्षिका गोंधळलेल्या वाटल्या, उत्तरं ठरावीक छापाची मिळाली, आणि मुख्याध्यापकांना मुलांशी बोलता येत नाही.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही आहे. चारही निरीक्षणं खरी होती आणि चारही त्यांनी स्वतः घडवलेली होती. गोंगाट त्यांच्या येण्याने झाला. शिक्षिका गोंधळल्या कारण त्यांना उत्तराच्या ऐन क्षणी थांबवलं गेलं. छापील उत्तरं आली कारण ओळखीचा वजनदार माणूस मध्ये आणला गेला. मुलगी बोलली नाही कारण तिच्या आधी दुसरंच कुणी बोललं. शाळाभेटीतले शिष्टाचार लोकांना सभ्यपणाचा भाग वाटतात, आणि तो आहेच. पण त्यांचा रोकडा फायदा पालकांनाच आहे: शाळेला धक्का जेवढा कमी, तेवढी ती खरी दिसते.

उशीर आणि गाडी याबद्दल फार बोलायला नको. दहा मिनिटं आधी पोहोचावं, फाटकासमोर गाडी लावू नये, शाळा भरण्याच्या-सुटण्याच्या वेळा टाळाव्यात. नोंदवहीचं मात्र जरा सांगायला हवं, कारण ती औपचारिकता वाटते. आग लागली किंवा इमारत रिकामी करायची वेळ आली तर मैदानात माणसं मोजतात ती त्या वहीवरून. 'सहकुटुंब' या शब्दात किती माणसं, हे त्या वेळी कुणाला कळणार? प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव, मुलांची संख्या, येण्याची वेळ आणि निघताना जाण्याची वेळ, एवढं लिहावंच. जाण्याची वेळ बहुतेक जण विसरतात. मग कागदावर ते दिवसभर शाळेतच असतात.

वर्गातली चार मिनिटं

शिक्षिकेचा तो प्रश्न आणि अर्धवट वर आलेले दोन हात. त्या क्षणाला शिक्षणशास्त्रात नाव आहे: प्रतीक्षाकाळ. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तो अवकाश तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागतात, 'माहीत नाही' कमी होतं. म्हणजे ज्या शिक्षिका थांबल्या होत्या, त्या नेमकं चांगलं शिकवत होत्या. पाहुण्यांना ते दिसलं नाही, कारण दार त्याच सेकंदाला उघडलं. नंतर त्यांनी उत्तर स्वतः सांगून टाकलं, हेही पाहुण्यांनी पाहिलं नाही. ते तोवर व्हरांड्यात शुल्काबद्दल बोलत होते.

म्हणून वर्गात शिरायचं ते दोन कामांच्या मधल्या फटीत: वह्या काढायला सांगितल्यावर, गट बदलताना, फळा पुसताना. बरोबरच्या माणसाने खिडकीतून बघून खूण केली की मगच. आत गेल्यावर मागच्या भिंतीलगत जावं आणि शक्यतो बसावं. लहान मुलांच्या वर्गात उभा राहिलेला मोठा माणूस वर्गातल्या प्रत्येक डोक्याच्या वर दिसतो. बसला की बाकांमध्ये विरघळून जातो. दारात थांबू नये आणि फळ्याजवळ तर नाहीच. अभिवादन झालं तर मान डोलवावी, हसावं, 'बसा बसा' असं भाषण करू नये.

कुजबुज चालते, असा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या ध्वनिविषयक मार्गदर्शनानुसार शिकवताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा आणि आवाज घुमण्याचा काळ सुमारे ०.६ सेकंद. याचं कारण साधं आहे: गोंगाटातून बोलणं वेगळं काढून ऐकणं लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जड जातं. मागे उभे राहून दोघं कुजबुजतात तेव्हा शेवटच्या दोन रांगांना फळ्याकडचं अर्धंच ऐकू येतं. फोन थरथरता ठेवणं म्हणजे बंद ठेवणं नव्हे. लाकडी बाकावर थरथरणारा फोन अख्ख्या वर्गाला कळतो.

किती वेळ बसायचं? पाच माणसं चार मिनिटं, यातून काही कळत नाही. पहिली काही मिनिटं वर्ग पाहुण्यांसाठी वागत असतो, मुलंही आणि शिक्षकही. एक माणूस पंधरा-वीस मिनिटं मागे गप्प बसला की मुलांचं कुतूहल संपतं आणि रोजचा वर्ग सुरू होतो. वर्गाला एकाच माणसाने जाणं म्हणूनच चांगलं.

वर्गात टिपणं काढायचा मोह टाळावा. वही उघडून लिहिणारा अनोळखी माणूस शिक्षकाला तपासनीस वाटतो आणि त्या क्षणापासून तो मुलांऐवजी वहीसाठी शिकवायला लागतो. पाहिलेलं बाहेर आल्यावर लिहावं.

फोटो, आणि आजोबांचा प्रश्न

आईने मुलांचे फोटो काढलेच नव्हते, फक्त भिंतीचे काढले. तिला वाटलं त्यात काय. त्या भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता होता, म्हणजे तीस नावं आणि जन्मतारखा. दाराशेजारी एक कागद होता, त्यावर कुठल्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे आणि कुठलं औषध द्यायचं ते लिहिलं होतं. वर्गाचं वेळापत्रकही होतं, त्यावरून कुठली मुलं कधी मैदानात असतात ते समजतं. तो फोटो घरच्या गटात गेला, तिथून कुठे गेला कुणास ठाऊक. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतलं १६वं कलम मुलाच्या खासगीपणाला संरक्षण देतं, आणि खासगीपणा फक्त चेहऱ्याचा नसतो. इमारतीचे फोटो हवे असतील तर शाळेकडून मागून घ्यावेत. रिकाम्या वर्गातही आधी विचारावं.

आजोबांचा प्रश्न गमतीचा होता, पण त्या मुलाच्या जागी बसून पाहा. 'हो' म्हटलं तर बाई समोर आहेत, 'नाही' म्हटलं तर मित्र हसणार. प्रश्न मुलाला कात्रीत पकडतो, आणि मिळालेलं उत्तर कुठल्याच कामाचं नसतं. मुलांशी बोलायचं असेल तर शाळेने सोबत दिलेल्या विद्यार्थ्याशी, तिथला एक मोठा माणूस जवळ असताना, आणि माणसांबद्दल न विचारता कामाबद्दल: "आत्ता काय करताय?", "हे झाल्यावर काय करणार?" मुलाला दोन्ही सहज सांगता आलं, तर वर्गात काम समजावून दिलं जातं असं धरायला हरकत नाही. नाव, घर, शाळेत कसा येतोस, हे प्रश्न अनोळखी माणसाने मुलाला विचारूच नयेत. कुठल्याही मुलाबरोबर एकटं थांबू नये, आणि मुलांची स्वच्छतागृहं वापरात असताना आत जाऊ नये. यात पाहुण्यावर संशय नसतो. शाळेचा नियम सगळ्यांना सारखा असला तरच तो नियम.

स्वतःचं मूल

मुख्याध्यापकांनी विचारलं आणि सेकंदभरात बाबा बोलले. हाच तो एक सेकंद, वर्गात शिक्षक घालवतात तोच. मुलीला अनोळखी खोली, अनोळखी माणूस, मोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या पाच जोड्या एवढं सगळं पचवून बोलायला वेळ हवा होता. त्यातच 'ती लाजते' हे तिच्यासमोर सांगितलं गेलं. मुलं असं वाक्य ऐकतात आणि त्याप्रमाणे वागतात; आता तिला लाजणं भागच होतं.

कविता म्हणायला लावणं हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात निरुपयोगी प्रकार. शाळेला त्यातून काही कळत नाही, मुलाला एवढंच कळतं की इथे पास व्हायचं आहे.

मुलाला काही अडचण असेल, म्हणजे ऐकण्याची, वाचनाची, हालचालीची, एखाद्या आजाराची, तर ती मुलाच्या देखत व्हरांड्यात सांगू नये. आधी कळवावं, संबंधित शिक्षकांशी वेगळी वेळ मागावी, अहवालाच्या प्रती सोबत न्याव्यात. लपवूही नये. शाळा काय करू शकत नाही हे प्रवेशाआधी कळलेलं बरं.

शाळेकडून काय राहिलं

सगळं पालकांच्या माथी मारून चालणार नाही. वेळ देताना कालावधी सांगितला नाही. किती जण या, हेही नाही. दुसरीच्या शिक्षिकेला पाहुणे येणार याची कल्पना नव्हती, ही तर सरळ चूक आहे. पाहुणे फळ्याजवळ जाऊन उभे राहिले तेव्हा समन्वयकांनी त्यांना मागे न्यायला हवं होतं. संकोच आड आला. आणि त्यांचा खासगी क्रमांक पाहुण्यांकडे गेला तो कार्यालयातूनच.

काही शाळा तास चालू असताना वर्गात येऊच देत नाहीत. त्यावरून शाळा काहीतरी लपवते, असा अर्थ काढू नये. मुलांचं भलं त्यात असू शकतं. अशा वेळी नावं झाकलेल्या वह्या बघायला मागाव्यात, शाळा सुटल्यावर रिकामा वर्ग आणि शिक्षकांशी दहा मिनिटं मागावीत. रिकामी स्वच्छतागृहं दाखवायलाही जी शाळा टाळाटाळ करते, तिच्याबद्दल मात्र आमचं मत वेगळं आहे.

दुसरी भेट

तीन आठवड्यांनी आईने पुन्हा वेळ मागितली. मधल्या काळात परीक्षा होत्या, त्या संपू दिल्या. सत्राचा पहिला आठवडा, परीक्षा, संमेलनाची तयारी आणि सुट्टीआधीचा आठवडा, हे चार काळ शाळा बघायला वाया जातात. दिसतं ते रोजचं नसतं. तिने कार्यालयाच्या पत्त्यावर लिहिलेला मजकूर असा:

"नमस्कार. मागच्या महिन्यात आम्ही पाच जण उशिरा आलो आणि चालू तासात अडथळा आणला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पुढच्या वर्षी पहिलीसाठी आमच्या मुलीचा प्रवेश हवा आहे. मी एकटी ४० मिनिटांसाठी येऊ शकते का? शक्य असेल तर पहिली किंवा दुसरीच्या वर्गात मागे १५ मिनिटं बसायला आवडेल; नियमात बसत नसेल तर काही हरकत नाही. वर्गशिक्षकांना आधी कल्पना द्यावी ही विनंती. मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारायचे आहेत, ते सोबत लिहिले आहेत. शुल्काचा तक्ता लेखी मिळाला तर त्यावर भेटीत वेळ जाणार नाही. मुलीला वेगळ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, थोडा वेळ आणता येईल का?"

मागच्या वेळचे फोटो काढून टाकले आहेत, घरच्या गटातूनही, हेही तिने शेवटी लिहिलं होतं.

शाळेने दोन दिवसांत वेळ दिली. ती दहा मिनिटं आधी पोहोचली, वहीत नाव आणि वेळ लिहिली, अभ्यागताचं ओळखपत्र दिसेल असं लावलं. योगायोगाने वर्ग तोच मिळाला. फळा पुसला जात असताना ती मागच्या दाराने आत गेली आणि एका बुटक्या खुर्चीत बसली. पहिली पाच मिनिटं दोन मुली वळून वळून बघत होत्या. मग त्याही विसरल्या.

या वेळी तिला काय दिसलं? शिक्षिका प्रश्न विचारून थांबतात. तिने मनात मोजलं: चार सेकंद, कधी पाच. हात वर न केलेल्यांनाही विचारतात. एका मुलाने ६३ वजा २८ चं उत्तर ४५ सांगितलं. हातचा घेतला होता, पण दशकाच्या घरातला एक कमी करायचा राहिला होता. शिक्षिका 'चूक' म्हणाल्या नाहीत, त्याला काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या दिल्या आणि म्हणाल्या, "एक गठ्ठा सोड. आता गठ्ठे किती राहिले?" मुलाने मोजले. पाच. स्वतःच खोडून ३५ लिहिलं. तीस मुलांकडे लक्ष कसं देता, या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं, विचारल्यावाचून. अपुरं उत्तर आहे हेही दिसलं, कारण त्या दोन मिनिटांत मागच्या रांगेत तिघांचं भलतंच चाललं होतं.

समन्वयकांनी तिला नावं झाकलेल्या चार वह्या दाखवल्या. वही बघताना अक्षर आणि शेरे बघून थांबू नये. शेऱ्यानंतर पुढच्या पानावर मुलाने ती चूक पुन्हा सोडवून पाहिली आहे का, ते बघावं. चारपैकी तीन वह्यांत तसं होतं. मधली सुट्टी संपल्यावर रिकामं स्वच्छतागृह बघितलं: पाणी होतं, साबण होता, कडी सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर होती, एका दाराची कडी मोडलेली होती. तिने ते बोलून दाखवलं नाही. दुरुस्तीची नोंदवही कोण बघतं एवढं सहज विचारलं, आणि नाव-वेळेसकट उत्तर मिळालं.

मुख्याध्यापकांना विचारलेले तीन प्रश्न: शिक्षक रजेवर असतात त्या दिवशी वर्ग कोण घेतं? दोन मुलांत भांडण झालं तर दोन्ही घरी कोण कळवतं आणि त्याच दिवशी का? शाळा सुटल्यावर मुलं थांबू शकतात का, किती वाजेपर्यंत? तिन्ही प्रश्न रोजच्या कामाबद्दलचे आहेत. त्यांना 'आम्ही सर्वांगीण विकासावर भर देतो' असं उत्तर देताच येत नाही. 'तुमच्याकडे शिस्त कशी आहे?' असं विचारलं की शाळा शिस्तीबद्दल बोलते. 'मागच्या वेळी असं झालं तेव्हा काय केलंत?' असं विचारलं की शाळा आठवायला लागते. कुठल्या मुलाची गोष्ट, हे मात्र विचारायचं नाही, आणि शाळा आपणहून नाव सांगू लागली तर सावध व्हायचं. उद्या आपल्या मुलाचं नाव असंच सांगितलं जाईल. दहाव्या मिनिटाला मुख्याध्यापकांनी अजून वेळ देऊ केला. ती उठली, कारण बाहेर कुणी तरी थांबलं होतं.

मुलगी चार दिवसांनी आली, शाळा सुटल्यावर, फक्त आईबरोबर. घरून निघताना तिला एवढंच सांगितलं होतं की आपण एक शाळा बघायला चाललोय, तुला वाटलं तर बोल. समन्वयक शेजारच्या बाकावर तिच्या उंचीला बसल्या आणि विचारलं, "तुला काय बघायचंय?" आईने ओठ घट्ट मिटले आणि मनात मोजायला घेतलं. सात, आठ. नवव्या सेकंदाला मुलीने विचारलं, "दप्तर कुठे ठेवायचं?" तिला कप्पे दाखवले. कप्प्यावर नाव कोण लिहितं, तेही तिने विचारून घेतलं.

निर्णय

कुटुंबाने प्रवेश घेतला नाही. शाळा सुटल्यावर मुलांना फक्त अर्धा तास थांबता येत होतं, आणि दोघांच्या नोकरीच्या वेळा त्यात बसत नव्हत्या. आजोबांवर रोजचा भार टाकायचा नाही, हे बाबांनी ठरवलं होतं. भेटीनंतर दुसऱ्या दिवशी आभाराच्या दोन ओळी गेल्या होत्या. आठवड्याने हा संदेश कार्यालयीन पत्त्यावर, कामाच्या वेळेत गेला:

"नमस्कार. दोन्ही वेळा दिलेल्या वेळेबद्दल आभार. दुसरीच्या वर्गशिक्षकांनाही कळवावं. त्यांचा तास बघायला मिळाला. शाळा सुटल्यावर मुलीला थांबवण्याची सोय आम्हाला सहा वाजेपर्यंत लागते, त्यामुळे आम्ही प्रवेश घेत नाही. राखून ठेवलेली जागा कृपया मोकळी करावी."

जागा त्याच दिवशी प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला कळवण्यात आली. शाळेने भेटीची वेळ कळवण्याच्या मजकुरात कालावधी, माणसांची संख्या आणि फोटोंचा नियम असलेल्या तीन ओळी घातल्या. मोडलेली कडी कधी बसली, त्याची नोंद या प्रकरणात नाही.